नळीवरचं नाव

दोन वर्षं माझ्या पाकिटात एक कार्ड होतं. बँकेच्या कार्डाएवढं, गुळगुळीत. कोपऱ्यात पीळ दिलेल्या शिडीचं निळं चित्र आणि मधोमध केशरी पट्टीत दोन शब्द: थॅलेसेमिया वाहक. खाली माझं नाव. वाहक म्हणजे आजारी नव्हे. रक्तातला एक दोष आपण बाळगून असतो, त्याचा आपल्याला फारसा त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की मूल तो आजार घेऊनच जन्माला येईल, आणि मग त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवून जगवावं लागेल.

मी ते कार्ड लपवत नव्हते, उलट मिरवत होते. त्यावर एक पत्रकसुद्धा काढलं होतं. 'मी वाहक आहे, मला लाज कसली?' पोपटी कागदावर छापून अंबरनाथच्या भाजी मंडईत स्वतः वाटलं होतं. एका मावशींनी त्यात मिरच्या बांधून मलाच परत दिल्या होत्या.

ते कार्ड माझं नव्हतं. माझ्या ताईचं होतं. आणि तिच्याऐवजी माझ्या हातात ते माझ्यामुळेच आलं होतं.

आमचं घर पत्रकांचं. बाबा अंबरनाथ एमआयडीसीत रंगांची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात होते, आणि युनियनची पत्रकं आमच्याच घरात दुमडली जायची. गुलाबी, पिवळा, पोपटी असा स्वस्तातला पातळ कागद. शाळेतल्या पुस्तकाआधी मी तेच वाचायला शिकले. बाबांचे दोन नियम होते. पहिला: दोष कुणाचा ते पहिल्या ओळीत लिही, कारण माणूस दारात उभा राहून पहिलीच ओळ वाचतो, बाकीचा कागद शेंगदाण्यांच्या पुडीला जातो. दुसरा: निघण्याआधी घरटी गठ्ठे लाव. चाळ, मजला, दार. दारात उभी राहून कागद चाळत बसलीस तर लोक तोंडावर दार लावतात.

ताईला या सगळ्याचा कंटाळा. "तुझ्या पत्रकांनी आजवर काय झालं?" ती म्हणायची. "आईच्या डब्यांना अस्तर मिळालं, तेवढंच." ती बदलापुरात, कात्रपच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची. तिथेच विज्ञान शिकवणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा उल्हासनगरचा, सिंधी. कॅम्प नंबर चारमध्ये घर, खाली त्याच्या वडिलांच्या वेळचं कापडाचं दुकान. आमच्या घरात जातीपातीचा प्रश्न येणार नव्हता. आला असता तर मीच त्यावर पत्रक काढलं असतं. त्यांच्याकडूनही फक्त एक अट आली. ती मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगितली.

"मेरा लडका मायनर है," त्या म्हणाल्या. त्यांच्या गल्लीत वाहकाला मायनर म्हणतात. "कुंडली-बिंडली मैं नहीं देखती. लडकी का रिपोर्ट दिखाओ, बस. नॉर्मल है तो कल सगाई कर लो."

आईला ते लागलं. आपल्या मुलीत काय खोट आहे की रिपोर्ट मागतायत? मग त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या धाकट्या भावाला हा आजार होता. त्या दहा वर्षांच्या असल्यापासून त्याला घेऊन रुग्णालयाच्या बाकावर बसायच्या, रक्ताची पिशवी मिळेपर्यंत. तो सतरा वर्षांचा झाला, अठराचा झाला नाही. त्यांच्या भागात म्हणूनच साखरपुड्याआधी घराघरांत रिपोर्टची देवाणघेवाण होते, आपल्याकडे पत्रिकांची होते तशी. आईने मान डोलावली. मी मात्र उठून उभीच राहिले. मला वाटलं, हीच खरी पुरोगामी बाई! आणि योगायोग असा की आमच्या युवक गटाचं शिबिर त्याच महिन्यात होतं. एका खासगी लॅबने 'मोफत जनुकीय आरोग्य तपासणी' करून द्यायची तयारी दाखवली होती. लॅबला नाव व्हायला हवं होतं, आम्हाला गर्दी हवी होती.

शिबिर अंबरनाथला एका समाजमंदिरात झालं. साठ-सत्तर माणसं. लॅबकडून दोघे जण आले, बर्फाची पेटी आणि स्टिकरची गुंडाळी घेऊन. डॉक्टर नव्हते. रिपोर्ट आल्यावर त्याचा अर्थ कोण समजावून सांगणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कारखान्यात सुरक्षा अधिकारी का नाही म्हणून दारावर धरणं धरणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि मी विचारलं नाही.

"मॅडम, यादी तुमच्याकडेच आहे ना?" त्यातला एक म्हणाला. "मग स्टिकर तुम्हीच मारून टाका. आमचा टाइम वाचेल."

मला कोण आनंद झाला. मी कामाला लागले, ज्या पद्धतीने मला काम येतं त्या पद्धतीने. घरटी गठ्ठे. एका घराचे अर्ज, त्यावर त्या घरातल्या माणसांच्या नावांच्या रिकाम्या नळ्या, वरून रबर. चाळ, मजला, दार. तासाभरात टेबलावर सगळी वस्ती मांडून झाली. लॅबचा माणूस म्हणाला, "एक नंबर! तुम्ही आमच्याकडेच या कामाला." त्या कौतुकाने मी दिवसभर फुगून होते.

आमच्या घराच्या गठ्ठ्यात दोन नळ्या होत्या. बाबांचं म्हणणं, कंपनीने माझं रक्त पुष्कळ तपासलंय, आता पुरे. आईला सुईची भीती. म्हणून ताईची नळी वर, माझी खाली. आमचा गठ्ठा उघडला तेव्हा ताई बाहेर ओट्यावर फोनवर कुणाला तरी गणित समजावत होती. समोर बायका कुजबुजत बसल्या होत्या, सुईला बिचकत होत्या. त्यांना धीर यावा म्हणून मी पुढे होऊन खुर्चीत बसले. "बघा हं," मी मोठ्याने म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं." लॅबच्या माणसाने वरची नळी उचलली.

एवढंच. पुढे ताई आली तेव्हा खालची नळी उरली होती.

पंधरा दिवसांनी कार्डं आली. ताईची पट्टी हिरवी, माझी केशरी. सासूबाईंनी हिरवं कार्ड प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलं, मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेमागे. मोठ्या थाटात लग्न झालं.

दोन वर्षांनी ताईला दिवस गेले. नवव्या आठवड्यात रुग्णालयात तिच्या रक्ताचा साधा रिपोर्ट बघून डॉक्टरबाई अडखळल्या. "लोहाच्या गोळ्या घेताय ना?" "रोज." "मग पेशी एवढ्या बारीक का?" त्यांनी थॅलेसेमियासाठी वेगळी तपासणी पाठवली. रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा जिजू क्लासमध्ये होते. ताईबरोबर मी आणि तिच्या सासूबाई होतो.

"तुम्ही वाहक आहात," डॉक्टरबाई ताईला म्हणाल्या. "मिस्टरांची तपासणी झालीय का?"

सासूबाईंनी घाईघाईने फाइल उघडली. "नहीं, नहीं, डॉक्टर. लडका मायनर है, बहू तो नॉर्मल है. यह देखिए ना."

डॉक्टरबाईंनी हिरवं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "तपासली कुणी? सही कुणाची आहे ही? छापलेली दिसतेय. कुठली पद्धत वापरली तेही नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "त्या दिवशी घरातलं आणखी कुणी तपासलं होतं का?"

मी पाकीट उघडलं आणि केशरी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी सरकवली.   ताईने माझ्याकडे पाहिलं, तेही रागाने नाही; वर्गात एखादं गणित फळ्यावर चुकलं की ती जशी मागे सरकून बघते तसं. सासूबाईंचे ओठ हलत होते. त्या फाइलचं बटण लावत होत्या आणि ते लागत नव्हतं.

आता दिवस मोजायचे होते. आधी ताई-जिजूंच्या रक्तातला नेमका दोष शोधायचा, मग बाराव्या आठवड्याच्या सुमारास पोटातून सुई घालून गर्भाच्या वारेचा तुकडा काढायचा आणि बाळाला आजार आहे का ते पाहायचं. असेल तर पुढे काय, ते वाक्य कुणीच पूर्ण करत नव्हतं. माझंही रक्त पुन्हा तपासलं. दोन दिवसांत उत्तर आलं: नॉर्मल. मग आईचं तपासलं. आई वाहक. तिचा जन्मभराचा अशक्तपणा आम्ही गूळ-शेंगदाणे देऊन बरा करत होतो.

मला घरात बसवेना. जेवताना उठायचे, चालत स्टेशनपर्यंत जायचे, परत यायचे. लॅबचं नमुने घेण्याचं केंद्र उल्हासनगरला होतं. तिथे गेले तर गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली. "लॅब? वो तो कब के निकल गए, दीदी," दुकानदार म्हणाला. "कव्हर दिखाऊं?" फोन लागत नव्हता. मी रिक्षात बसून तिथेच तक्रार लिहायला घेतली. घरी येईपर्यंत चार पानं झाली. पहिल्या ओळीत दोष कुणाचा ते होतंच: लॅबचा, आणि तिला मोकळं सोडणाऱ्या सरकारचा. स्टिकरचा उल्लेख चार पानांत कुठेही नव्हता. तो मी विसरले नव्हते. दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी आली त्याच क्षणी मला ती वरची नळी आठवली होती.

आरोग्य खात्याच्या ज्या कार्यालयात गेले ते कुठलं ते सांगत नाही. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे असं सांगणारा मोठा फलक, त्याखाली बाक. साहेब पन्नाशीचे, दमलेले, पण वाईट माणूस नव्हे. त्यांनी चारही पानं वाचली. अर्ज असा वाचणारा अधिकारी मी आधी पाहिला नव्हता.

"गर्भाची तपासणी केली असती त्यांनी," ते म्हणाले, "तर उद्या जाऊन मशीनला सील ठोकलं असतं. तिथे नोंदणी लागते, भिंतीवर प्रमाणपत्र लागतं, बाईची तिच्या भाषेत लेखी संमती लागते. एक रकाना चुकला तरी आम्ही विचारतो. पण हे मोठ्या माणसांचं रक्त."

"मग?"

"मग दुकानाचा परवाना असतो, कचऱ्याचा असतो. दर्जाचं प्रमाणपत्र घेतलं तर उत्तम, पण ते ऐच्छिक. जनुकांची तपासणी कुणी करावी, कार्ड कुणी द्यावं, समजावून कुणी सांगावं, यासाठी माझ्या रजिस्टरला पानच नाही, मॅडम."

"म्हणजे पोटात असेपर्यंत सरकारला काळजी! बाहेर आलं की ज्याने त्याने आपलं बघावं?"

ते हसले. "पत्रकं लिहिता का तुम्ही?"

"हो."

"वाटलंच." त्यांनी पानं परत चाळली. "एक सांगा. शिबिरात नळ्यांवर नावं कुणी लावली?"

पंखा फिरत होता. बाकावरची एक बाई बाळाला थोपटत होती.

"त्यांच्याच माणसांनी," मी म्हणाले.

त्यांनी ते माझ्याच अर्जाच्या समासात लिहून घेतलं. सरकारी कागदावर खोटं गेलं, ते माझ्या तोंडून गेलं. जिन्यावरून उतरताना मी स्वतःला समजावत होते: लॅब खोटारडीच होती, कायदा अपुराच आहे, मग एवढ्याशा गोष्टीने काय फरक पडतो? हीच भाषा बाबांच्या कारखान्याचा मॅनेजर वापरायचा. तीच मी जिन्याच्या बारा पायऱ्यांत तीनदा वापरली.

ताईच्या तपासणीला आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो, जिजूंच्या मित्राच्या गाडीने. खोलीबाहेर भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं. मी ते दोनदा वाचलं. आत एक डॉक्टर अर्धा तास फक्त बोलत होती: शक्यता म्हणजे काय, सुईचा धोका किती, नको म्हणायचा हक्क आहे, मुलगा की मुलगी ते सांगितलं जाणार नाही.

"मुझे क्या करना है जानके," सासूबाई म्हणाल्या. "लडका हो, लडकी हो. खून ना चढाना पडे बस."

ताईने मराठीतली संमती ओळन् ओळ वाचली, सही केली, तिची प्रत तिला मिळाली. मग आधी रक्त घ्यायला तंत्रज्ञ आल्या. नऊवारी नेसल्या असत्या तर आमच्या आत्याच वाटल्या असत्या अशा, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. ट्रेमध्ये कोऱ्या नळ्या. त्यांनी ताईचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, रक्त घेतलं आणि मग, ताईच्या डोळ्यांसमोर, नळीवर नाव लिहिलं. नळी तिच्यासमोर धरून म्हणाल्या, "वाचा. तुमचंच ना?"

"हो."

"मोठ्याने वाचा. मला ऐकू यायला हवं."

ताईने स्वतःचं नाव मोठ्याने वाचलं. मी दाराशी उभी होते. "मावशी," मी विचारलं, "नावं आधीच लिहून ठेवली तर? वेळ वाचेल ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुलीजवळ रॉकेल ठेवायची परवानगी मागितली होती. "रिकाम्या नळीवर नाव लिहायचं नाही, बाळ. कधीच. नळी उचलणाऱ्या हाताला वाचता येत नाही."

ताई ट्रेकडे बघत होती. मग माझ्याकडे बघायला लागली. तिला शिबिराचं टेबल आठवत असणार. तिनेच तेव्हा टोमणा मारला होता की तू रक्ताचीसुद्धा पत्रकं केलीस.

वारेचा तुकडा काढून झाल्यावर तिला तासभर पडून राहायला सांगितलं. जिजू आणि सासूबाई चहाला खाली गेले. मी तिच्या पलंगाशी उभी राहिले आणि सांगितलं. स्टिकर, गठ्ठे, वरची नळी, मुंगी चावल्यासारखं, आणि साहेबांसमोर बोललेलं खोटं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"कधी कळलं तुला?"

"कार्डं टेबलावर ठेवली तेव्हाच."

"म्हणजे बारा दिवस." तिने लगेच मोजलं. "बारा दिवस तू माझ्या घरी येऊन त्या लॅबला शिव्या घालत होतीस. मी तुला पाणी आणून देत होते."

"ताई..."

"गप्प बस. माझ्या पोटात दुखतंय." मग ती म्हणाली, "मम्मींना तू सांगायचं. मी नाही सांगणार. आणि फोनवर नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उल्हासनगरला गेले. ताई ज्यांना मम्मी म्हणते त्या सासूबाई गच्चीवर होत्या. दोरीवरच्या जुन्या साडीच्या सावलीत चादर पसरून उडदाचे पापड वाळत घालत होत्या; एकीकडे ओले, एकीकडे कालचे. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. त्यांचा हात थांबला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग हात थांबला.

"तूने खुद चिपकाया?"

"हो. मीच."

"पहले से? खाली बोतल पे?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी मला बघवत नव्हतं. त्या नक्की ओरडतील, हाकलून देतील असं वाटत होतं आणि खरं तर मला तेच हवं होतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं. त्यांनी पदराने हात पुसले.

"मैंने कागज पे भरोसा किया," त्या म्हणाल्या. "मेरे भाई के टाइम कागज भी नहीं था." मग माझ्याकडे वळल्या. "उस दिन और कितने लोग थे, पुट?"

पुट म्हणजे बाळ. हा शब्द त्या ताईला वापरायच्या, मला पहिल्यांदाच.

"साठ-सत्तर."

"उनके बोतल भी तूने ही किए?"

मी खाली बसले. पापडांच्या कडेला, जमिनीवरच. दोन वर्षांत, आणि त्या बारा-तेरा दिवसांत, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. मी फक्त आमचा गठ्ठा आठवत होते. पण प्रत्येक घराचा गठ्ठा होता. आणि प्रत्येक घरात कुणीतरी आधी बसलं असेल, कुणी बाहेर फोनवर असेल. केशरी, हिरवी, कुणाची कुणाला गेली असेल? त्यातल्या किती जणांनी ते कार्ड दाखवून लग्न जमवलं असेल?

"तो बैठी क्यों है?" त्या म्हणाल्या. "उठ. और पापड पे पैर मत रख."

मी अर्ज नव्याने लिहिला. एकच पान झालं. पहिली ओळ: या शिबिरात रिकाम्या नळ्यांवर नावांची स्टिकरं मी लावली, आणि मागच्या वेळी मी ते लपवलं. दुसरी ओळ: मला ते करू देण्यापासून कुणालाही अडवणारा नियम नव्हता, तपासणारा माणूस नव्हता. बाबांना दाखवला. ते चष्मा लावून बराच वेळ पहिल्या ओळीवरच होते. "दुसरी ओळ अजून कडक कर," ते म्हणाले. "पहिलीला हात लावू नकोस."

साहेबांनी जुना अर्ज काढून दोन्ही शेजारी ठेवले. "आता हा वर पाठवता येईल," ते म्हणाले. "पहिल्यात कोण वाईट ते होतं. काय झालं ते नव्हतं." शिक्का मारून पोच दिली. मी विचारलं, बाकीच्या लोकांना खात्यातर्फे कळवाल का? त्यांनी मान हलवली. "कुणाला कळवू? लॅबने आमच्याकडे एक नाव भरलेलं नाही. भरायची सक्तीच नव्हती. यादी कुणाकडे आहे, तर तुमच्याकडे."

यादी खरंच माझ्याकडे होती. चाळ, मजला, दार. ताईच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की जो येईल त्याला मंगळवारी पाठवा, आम्ही रक्त पुन्हा बघू. तेवढ्यावर मी पत्रक काढलं, पहिली ओळ अर्जातलीच; कागद पांढरा, कारण पोपटी कागद हातात घ्यायची मला लाज वाटत होती. निकाल यायच्या आधीच वाटायला निघाले. निकाल चांगला आला म्हणून शहाणपण सुचलं किंवा वाईट आला म्हणून पश्चात्ताप झाला, असं दोन्ही व्हायला नको होतं.

पहिल्या चाळीत एका काकांनी कागद वाचून विचारलं, "निवडणूक आहे काय?" एका घरात सुनेने ऐकून घेतलं आणि आतून सासूचा आवाज आला, "कोण आहे गं? काही घ्यायचं नाही म्हणावं." एका दारात माझ्याच वयाच्या मुलाने कार्ड काढून दाखवलं. हिरवं. "हे चुकीचं आहे?" "माहीत नाही," मी म्हणाले, "म्हणून तर आलेय." तो भडकला. त्याची बायको पाच महिन्यांची होती. "दोन वर्षांनी येताय सांगायला? आम्ही काय तुमच्या प्रयोगाचे उंदीर?" हे वाक्य मी स्वतः किती पत्रकांत लिहिलं होतं.  मंगळवार, सकाळी नऊ, दोघांनीही या, एवढंच तीनदा सांगितलं. तो मंगळवारी आला. दोघंही आली. तिच्या नळीवरचं नाव त्याने मोठ्याने वाचून घेतलं.

यादीतली एकोणीस घरं झाली होती तेव्हा ताईचा फोन आला. मी एका तिसऱ्या मजल्यावर होते, बेल वाजवून झाली होती. त्या बारा दिवसांच्या हिशोबानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

"आला निकाल," ती म्हणाली.

मी गठ्ठा काखेत मारला आणि फोन कानाशी दाबला.

"आजार नाही." तिचा श्वास ऐकू येत होता, मागे सासूबाई रडत कुणाला तरी सिंधीत सांगत होत्या. "वाहक आहे. नुसता वाहक. किंवा वाहिका, ते काय सांगत नाहीत." मग म्हणाली, "तुझी ती पोपटी पत्रकं उरलीत का? लाज कसली वाली? ठेव जपून. खरं मालक येतंय."

मी भिंतीला टेकले. हसू आवरत नव्हतं.

"कुठे आहेस?"

"जिन्यात. विसावं घर."

"अजून किती?"

"सात."

 तिने मला माफ केलं का, ते मी तेव्हा विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही. "बरं," ती म्हणाली, "मग फोन ठेव."

आतून कडी सरकली. एका बाईने अर्धवट दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं, मागे टीव्ही चालू. "काय पाहिजे? कसलं पत्रक?"

मी कागद पुढे केला नाही. पहिली ओळ मी तोंडीच सांगितली.